यम्मानं प्याला खाली ठेवला

गालिबनं हे हॉटेल का निवडलं, ते टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. बोलून कोणी दाखवलं नाही, एवढंच.

आठवड्याच्या मध्यावर उम्म गालिबनं, म्हणजे गालिबच्या आईनं, लेकाला फोन केला होता. "शुक्रवारी नमाज झाली की मी तुझ्याकडे येते. तुझ्या दियाबमामालाही घेऊन येते," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. लष्करातून ब्रिगेडियर होऊन निवृत्त झालेला गालिब त्यानंतर बराच वेळ खिडकीपाशी नुसता उभा होता, असं त्याची बायको लुब्ना सांगते. लुब्नाच्या सांगण्यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालतं, पण हे खरं असावं. आई लेकाच्या घरी जाताना अशी वर्दी देत नसते. आणि ऐंशी ओलांडलेल्या भावाला करकहून अम्मानला बोलावून बरोबर तर मुळीच आणत नसते. अशी ती येते ती मागणं घेऊन.

मागणं घेऊन आलेला पाहुणा आमच्यात काय करतो? यजमानानं दिलेली कडू कॉफी हातात घेतो, पण ओठाला लावत नाही. प्याला समोर ठेवतो आणि गप्प बसतो. मग यजमानाला 'काय हवं' म्हणून विचारावंच लागतं, आणि मागितलेलं द्यावंच लागतं. 'प्या, झालं तुमचं काम' असं त्यानं म्हटलं की पाहुणा पितो. प्याला तसाच सोडून पाहुणा उठून गेला, तर त्या घरानं गावात तोंड वर करून चालायचं नाही. खुनाची वैरं ह्या प्याल्यावर मिटली आहेत, मुलींची लग्नं ठरली आहेत. पण हे काम चार वडीलधाऱ्या पुरुषांचं, परक्याच्या दारात जाऊन करायचं. आईनं स्वतःच्या लेकासमोर प्याला ठेवल्याचं आमच्या घराण्यात कोणी ऐकलेलं नव्हतं, आणि तो मान पहिल्यांदा आपल्याला मिळावा अशी गालिबची अजिबात इच्छा नव्हती.

मागणं काय, हेही त्याला ठाऊक होतं. त्याच्या धाकट्या भावाला, नायिफला, अकबाच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं त्याला चार वर्षं झाली. त्याची बायको हनादी तेव्हापासून लहानग्या जूदला घेऊन सासूपाशीच राहत होती, मर्ज-अल-हम्मामच्या घरात. आता हनादीला लग्न करायचं होतं, इर्बिदच्या एका शाळामास्तराशी. नझीह नावाचा, चष्मा लावणारा, कमी बोलणारा माणूस. आणि आमच्याकडचा कायदा असा, की विधवेनं परक्याशी लग्न केलं तर मुलीवर घरची माणसं हक्क सांगू शकतात. मुलगी आधी जाते आईच्या आईकडे. हनादीची आई तर केव्हाच वारलेली. मग बापाच्या आईकडे. तिनं नको म्हटलं तर काका कोर्टात उभा राहू शकतो. गालिबनं वकील बघून ठेवला होता.

"यम्मा, घरी कशाला? लुब्नाची कंबर धरलीय," त्यानं उलटा फोन करून सांगितलं होतं. "मी सगळ्यांनाच बाहेर जेवायला नेतो. हनादीला घे, जूदला घे, सिहामला मी सांगतो. दियाबखालोनं कधी जपानी खाल्लंय का?"

म्हणून हे हॉटेल. वरच्या मजल्यावर, काचेतून सगळं अम्मान टेकडीवर टेकडी चढत गेलेलं दिसेल असं. एका कोपऱ्यात चीन, एका कोपऱ्यात जपान, मध्ये थायलंड, आणि जळत्या निखाऱ्यांवर मलेशिया. जो तो ताटली घेऊन उठतो, हवं ते हवं तितकं वाढून घेतो, पुन्हा उठतो. इथं कोणी कोणाला वाढत नाही. इथं घराचा उंबरा नाही, दिवाणखाना नाही, आणि मुख्य म्हणजे कॉफीची किटली नाही. गालिबला वाटलं, आपण लढाई न करताच जिंकलो.

"रोटी कुठंय?" दियाबमामानं विचारलं.

मामा डोक्याला लाल रुमाल आणि त्यावर अगालचं काळं दोरीचं कडं बांधून, करकहून पहाटे निघून आला होता. त्याच्यासमोर शेवया, कोळंबी आणि हिरव्या रश्शाची वाटी होती.

"खालो, इथं रोटी नसते. भात घ्या," गालिबची बहीण सिहाम म्हणाली.

"मग एवढा रस्सा कशाशी खायचा? आणि हे काय?"

"सुशी. आत मासा आहे."

"शिजवलेला?"

"कच्चा."

"अल्लाह माफ करो. समुद्र एवढा लांब. तिथनं एवढ्या लांब आणायचा आणि कच्चाच खायचा, तर आणला कशाला?" असं म्हणत मामानं तो गोळा उचलून सिहामच्या ताटलीत टाकला. "तूच खा. तुला ह्या असल्या गोष्टींची सवय."

सिहामनं खाल्ला. तिच्यासमोर आता तिसरी ताटली होती, आणि भूक पहिलीतच संपली होती. अशा ठिकाणी यायचं म्हटलं की तिला दोन दिवस आधीपासून हुरूप येई, आणि आल्यावर अर्ध्या तासात पाय दुखायला लागत. समोर हनादी बसली होती. पाचोळ्यासारखी चार पानं ताटलीत घेऊन, खाली मान घालून. सिहामला तिचा राग येत होता. गाडीत येताना सिहामनं आईला स्पष्टच सांगितलं होतं, "गालिबचं खरंय, यम्मा. पोरीला घेऊन परक्याच्या घरात जायचं म्हणजे काय?" आई खिडकीतून बाहेर बघत राहिली होती.

सिहामला कोणी दुसरं लग्न करू दिलं होतं? नवऱ्यानं सोडलं तेव्हा ती हनादीपेक्षाही लहान होती. ताफीलाहून एक स्थळ आलं होतं, चांगला माणूस होता. तेव्हा ह्याच गालिबनं तिला समजावलं होतं, "मुलगा हातचा जाईल. मुलापेक्षा नवरा मोठा का?" ती थांबली. मुलगा वाढला, शिकला, जर्मनीला गेला, आणि आता ईदच्या दिवशी फोन करतो. कधी दुसऱ्या दिवशी. आपण जे गिळलं ते हनादीनं का गिळू नये, असं तिला वाटत होतं, आणि असं वाटतंय ह्याची तिला लाजही वाटत होती.

"जूदबाई, किती मोमो खाणार?" लुब्नानं विचारलं. आठ वर्षांची जूद वाफाळत्या टोपल्यांच्या काउंटरवरून परत आली होती.

"ते संपतच नाहीत, काकू! घेतले की तो माणूस लगेच नवीन ठेवतो."

"तेच तर इथलं दुखणं आहे," लुब्ना म्हणाली. "थांबायचं कुठं ते कोणी सांगत नाही."

जूद हसली. तिचं ते हसणं, खालचा ओठ एका बाजूला ओढून हसणं, थेट नायिफचं होतं. गालिबनं पटकन नजर काचेकडे वळवली. लुब्नानं ते पाहिलं. गेली चार वर्षं ती हेच पाहत आली होती. नवऱ्यानं पोरीची खोली मनातल्या मनात केव्हाच सजवली होती, हे तिला कळत होतं. पण त्या खोलीतल्या पोरीला सकाळी उठवायचं कोणी, वेण्या कोणी घालायच्या, ती आईसाठी रडायला लागली की जवळ कोणी घ्यायचं? ब्रिगेडियरसाहेब थोडेच घेणार होते. आपली तीन वाढवून लुब्ना थकली होती. गालिब हरावा असं तिला मनापासून वाटत होतं, फक्त आपल्या तोंडून नको.

उम्म गालिबची ताटली कोरी होती.

"यम्मा, काहीतरी घे ना. मी आणू?" गालिबनं दुसऱ्यांदा विचारलं.

"नको. बसलेय ना मी."

"अगं, एवढं सगळं मांडलंय. सूप तरी घे."

"भूक लागली की घेईन."

गालिबला एकदम हलकं वाटायला लागलं होतं. निम्मं जेवण झालं होतं, मामा कोळंबीत रमला होता, आणि मागण्याचा शब्दही निघाला नव्हता. तो मोठ्यानं हसू लागला. लष्करातल्या गोष्टी सांगू लागला. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत होते, इतक्या मोठ्यानं. "खा रे, खा!" तो म्हणाला. "आज तुम्ही सगळे माझे पाहुणे."

हनादीनं हे ऐकलं आणि तिच्या अंगातली उरलीसुरली ताकद गेली. सासूनं तिला सांगितलं होतं, "तू फक्त येऊन बस. बोलू नकोस. मी बघते." हनादीनं विश्वास ठेवला होता. पण हे काही घर नव्हे. इथं सासू काय करणार होती? सत्तरी उलटलेली बाई, गुडघे दुखणारी, कोऱ्या ताटलीसमोर बसलेली. हनादीला वाटलं, पुरे झालं आता. चार वर्षं दिराच्या मेहरबानीवर, नणंदेच्या नजरेखाली, प्रत्येक वेळी बाहेर जाताना कारण सांगत. नझीहला उद्या नाही म्हणून कळवू. तो काही भांडणार नाही. तो चष्मा पुसेल आणि 'ठीक आहे' म्हणेल. मुलगी तर आपल्यापाशी राहील. तिनं हात पुसले.

"अबू सखर," ती दिराला म्हणाली. घरात सुना त्याला थोरल्या मुलाच्या नावानं, सखरचा बाप म्हणूनच, हाक मारत. "मला एक सांगायचं होतं."

"बोल की."

तेवढ्यात वेटर बाई आली. हातात निळ्या नक्षीची किटली, ट्रेमध्ये बिनकानाचे पांढरे प्याले, मुठीत मावतील एवढे. "मोगऱ्याचा चहा," ती गोड हसून म्हणाली, "आमच्यातर्फे." तिनं सगळ्यांपुढे प्याले मांडले आणि मामाच्या प्याल्यावर किटली कलती केली.

आता गालिबनं जे केलं ते त्यानं विचार करून केलं नाही. करकमध्ये वाढलेला कोणताही मुलगा तेच करेल. आपण पाहुणे म्हणून बोलावलेल्या मामाला, आईला, आपण बसलेलो असताना कोणी तिसरंच माणूस ओतून देतंय, हे बघवलं नाही म्हणून तो उठला. "द्या इकडे," म्हणत त्यानं बाईच्या हातातून किटली घेतली. किटली डाव्या हातात, प्याला उजव्या. प्याल्याच्या तळाशी दोन घोट ओतला, जास्त नाही, कारण भरून देणं म्हणजे पाहुण्याला हाकलणं. आधी मामाला दिला. मग थोडं वाकून आईला.

"घे, यम्मा."

आईनं उजव्या हातानं प्याला घेतला. त्याच्याकडे बघितलं. आणि कोऱ्या ताटलीच्या शेजारी ठेवून दिला.

सिहामच्या हातातला काटा थांबला. लुब्ना पाणी पीत होती, तिनं ग्लास तोंडापाशीच धरून ठेवला.

"पी ना, यम्मा. निवेल," गालिब म्हणाला. आवाज आधीच बदलला होता.

"निवू दे."

"यम्मा, चहा आहे तो. कॉफी नाही."

"तू ओतलास ना?"

"वेटरनं आणलाय. फुकट देतात ते सगळ्यांना!"

"तिच्या हातातनं काढून घेऊन ओतलास. उभा राहून. डाव्या हातात किटली, उजव्या हातात प्याला. तळाशी दोन घोट. मला अजून दिसतं, गालिब." ती अजिबात रागावलेली नव्हती. दमलेली होती. "आणि मघाशी सगळ्या हॉटेलनं ऐकलं, आम्ही तुझे पाहुणे आहोत ते."

"इथं लोक बघतायत."

"बघतायत कुठं? खातायत ते."

गालिब मदतीसाठी मामाकडे वळला. मामा तर त्याच्याच बाजूचा होता. रक्त रक्तापाशी राहावं, असं मामानंच गेल्या ईदला सगळ्यांदेखत म्हटलं होतं. "खालो, तुम्ही तरी सांगा तिला. चहावर कोणी असलं काही करतं का?"

मामाला अर्धं ऐकू येत नाही. त्यानं चहा एका घोटात संपवून प्याला बाजूला सारला होता आणि तो कोळंबी सोलत होता. "काय झालं?"

मामानं बहिणीकडे बघितलं. तिच्या पुढ्यातल्या प्याल्याकडे बघितलं. मग भाच्याच्या हातातल्या किटलीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा जेवणाचा आनंद हळूहळू उतरत गेला. त्यानं कोळंबी ताटलीत ठेवली, रुमालानं बोटं एक एक करून पुसली, डोक्यावरचा अगाल सरळ केला.

"फिद्दा," त्यानं बहिणीला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. ते नाव कितीतरी वर्षांनी कोणी घेत होतं. "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर आला नसतास."

"नसतो आलो," मामानं कबूल केलं. "आणि मी तर पिऊन बसलो." तो थोडा वेळ रिकाम्या प्याल्याकडे बघत राहिला. मग तो भाच्यापुढे धरला. "दुसरा ओत."

"खालो..."

"तुझा मामा चहा मागतोय. नाही म्हणतोस?"

गालिबनं ओतला. थोडा चहा पांढऱ्या कापडावर सांडला. मामानं प्याला घेतला आणि बहिणीच्या प्याल्याला लागून ठेवला.

"हं," तो म्हणाला. "आता बोल, अबू सखर."

एरवी मामा त्याला नावानंच हाक मारतो. ताफीलाचं स्थळ आलं तेव्हा कोणी तिच्यासाठी असा प्याला ठेवला नव्हता. तेव्हा हीच आई गप्प बसली होती, कारण वडील होते, आणि वडिलांपुढे बोलायची सोय नव्हती. आईला ते आठवत असेल का? सिहामनं वर बघितलं तर आई तिच्याकडेच बघत होती. आणि त्या बघण्यात काय होतं ते सिहामला सांगायची गरज पडली नाही. तिनं आपला प्याला उचलला, भावापुढे धरला. त्यानं ओतला. तिनंही न पिता तो खाली ठेवला.

"तू पण?" गालिब म्हणाला. "गाडीत तर माझ्या बाजूनं होतीस."

"गाडीत होते."

"मला बाई चहा गरम सोसत नाही," लुब्ना कोणीही काही न विचारता म्हणाली, आणि आपला प्याला हळूच पुढे सरकवून, त्यानं ओतल्यावर तो तसाच ठेवून परत पाणी पिऊ लागली.

गालिब खुर्चीत बसला. किटली अजून हातातच होती. जूद पुन्हा काउंटरकडे गेली होती. तिथला आचारी तिला पीठ लाटून दाखवत होता.

"काय हवं तुला, यम्मा?" त्यानं शेवटी विचारलं. विचारायचं तसं, रीतीनं.

"जूद तिच्या आईपाशी राहील. इर्बिदला. तू कोर्टात जायचं नाहीस. आता नाही, आणि मी मेल्यावरही नाही."

"परक्या माणसाच्या घरात? नायिफची मुलगी?"

"हो."

"त्याला मातीत मी उतरवलं! ह्या हातांनी. मी त्याच्या कानाशी सांगितलं, तुझी पोर ती माझी पोर. तुला काय माहीत मी काय सांगितलं ते?"

"मला माहीत आहे. परत आलास तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून तूच बोललास सगळं." उम्म गालिब थांबली. "तुझी पोर असती, तर तिला तिच्या आईपासून तोडली असतीस?"

"कोणी तोडत नाही! हनादीनं लग्न करू नये, एवढंच. मग काही प्रश्नच नाही. तीही राहील, पोरही राहील. मी कधी काही कमी पडू दिलंय?"

"नाही," हनादी म्हणाली. "काही कमी नाही पडलं, अबू सखर. खोटं कशाला बोलू? पण मी बत्तीस वर्षांची आहे. मला माझ्या घराची किल्ली माझ्या हातात हवी."

गालिबनं तिच्याकडे बघितलं नाही. तो आईकडे झुकला आणि आवाज खाली आणून बोलला, पण टेबलावर सगळ्यांनी ऐकलं. "यम्मा, तुला कळतंय का तू काय मागतेस? कायद्यानं पहिला हक्क तुझा आहे, माझा नाही. तू नुसती सही केलीस तर जूद तुझ्याच घरात राहील. तुझ्याच खोलीत झोपेल, आत्ता झोपते तशी. मी तर ती तुझ्यासाठीच मागतोय! ती गेली तर तुझ्याजवळ राहील कोण? त्या रिकाम्या घरात काय करणार आहेस तू?"

हनादीनं सासूकडे बघितलं. ही गोष्ट तिला कळत नव्हती असं नाही, पण तिनं ती कधी पुरती मनात येऊ दिली नव्हती.

उम्म गालिबनं ती दिवसातून दहादा मनात आणली होती. जूद शाळेतून आली, दप्तर दारातच फेकून 'जद्दा, काय केलंस खायला?' म्हणून ओरडली, की दर वेळी तिला वाटे, करावी सही. कोण नावं ठेवणार होतं? उलट सगळे म्हणाले असते, आजीनं नातीला टाकलं नाही. हनादी दोन दिवस रडली असती आणि मग लग्नच केलं नसतं. सगळं होतं तसं राहिलं असतं. नायिफची खोली, नायिफची बायको, नायिफचं हसणं, सगळं तिच्या घरात.

"कळतंय," ती म्हणाली. "म्हणून तर घाईनं आले. अजून थोडे दिवस थांबले असते, तर माझंच मन फिरलं असतं. मग मीच तुझ्या वकिलाकडे गेले असते, गालिब. मग मला अडवणारं कोणी नव्हतं." तिनं कोऱ्या ताटलीची कड बोटानं पुसली. "मी थकलेय रे. माझ्याकडून आज होईल ते उद्या होणार नाही."

बाहेर ढग उतरत होते आणि पलीकडची टेकडी दिसेनाशी झाली होती. खूप वेळ कोणी उठलं नाही, कोणी वाढून घेतलं नाही. जपानच्या कोपऱ्यातल्या आचाऱ्यानं दोनदा मान उंच करून बघितलं, ह्या टेबलाचं काही चुकलं का म्हणून.

वेटर बाई परत आली. तिनं भरलेले, निवलेले प्याले बघितले आणि तिचा चेहरा पडला. "चहा आवडला नाही का? थंड झालाय, मी घेऊन जाते, दुसरा आणते," म्हणत तिनं उम्म गालिबच्या प्याल्याकडे हात नेला.

"हात लावू नका!"

गालिबनं आपला तळहात प्याल्यावर धरला होता. बाई दचकून मागे सरली. "माफ करा," तो तिला म्हणाला. "राहू द्या तो. तो... तसाच राहू द्या."

बाई गेली. गालिबचा हात प्याल्यावरच होता. मामानं त्या हाताकडे बघितलं आणि दाढीतल्या दाढीत हसला, कारण नुसत्या हॉटेलच्या चहावर कोणी असा हात धरत नाही. गालिबलाही ते त्याच क्षणी कळलं असणार. त्याचे खांदे खाली आले. एवढा उंच, ताठ माणूस, एकदम आपल्या वयाचा दिसायला लागला.

"पी, यम्मा," तो पुटपुटला. "झालं तुझं काम."

"काय म्हणाला?" मामानं विचारलं.

"झालं म्हणाला, खालो," सिहाम म्हणाली.

"मला ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोल, अबू सखर. मी साक्षीला आहे, मला ऐकू यायला हवं."

"झालं!" गालिब ओरडला. सगळं हॉटेल वळलं. त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत. "जूद तिच्या आईपाशी राहील! मी जाणार नाही कोर्टात! प्या आता, अल्लाहच्या नावानं, प्या सगळे!"

उम्म गालिबनं प्याला उचलला आणि तो गार, फुलांच्या वासाचा चहा दोन घोटांत संपवला. तोंड वाकडं केलं. मामा प्यायला, सिहाम प्यायली, लुब्नाही प्यायली. हनादीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती आनंदानं रडत होती असं म्हणता येणार नाही. खूप दिवस उभ्या असलेल्या माणसाला खाली बसू दिलं, तर तो जसा रडेल, तशी ती रडत होती. सिहामनं खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि ओझं टाकावं तसा एक हात तिच्या पाठीवर टाकला.

गालिबनं सवयीनं किटली उचलली, आईला पुन्हा ओतायला. तिनं प्याला दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवला. पुरे.

"मग जेव तरी," तो म्हणाला. "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. तू बस, मी आणतो." त्यानं तिच्या पुढ्यातली कोरी ताटली उचलली. त्या हॉटेलात त्या दिवशी दुसऱ्यासाठी ताट वाढायला निघालेला तो एकटाच असेल. "भात आणतो, कोंबडी आणतो. जूद म्हणते ते मोमो चांगले आहेत. किती आणू?"

उम्म गालिब काउंटरकडे बघत होती. जूद टाचा उंचावून टोपलीत वाकली होती, आणि वाफेनं तिचा चेहरा पुरता दिसत नव्हता.

"एका माणसापुरतं आण," ती म्हणाली. "सवय करायला हवी."

गालिब ताटली हातात घेऊन तिथंच उभा राहिला.